लाल पेन्सिलीचा शेरा

दिवा हवा तर जवळ ओढा, पण ही गोष्ट भर दुपारची आहे.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला सहा आठवडे घरात डांबलं. पस्तीस वर्षं बातमीदारी केलेल्या बाईला घरी बसवणं म्हणजे शेजाऱ्यांवर संकट. मी खिडकीतून कचरागाडीवाल्याची उलटतपासणी घ्यायला लागले, तेव्हा धाकट्या बहिणीनं चित्रांची वही आणि रंगांची डबी माझ्यापुढे आदळली.

"ताई, रोज पाच मिनिटं. डाव्या हातानं काढ, कागदाकडे न बघता काढ. खोडरबर नाही. चांगलं काढायचं नाही, एवढाच नियम."

"मला येत नाही."

"यायचं तुला. त्या सरांनी घालवलं."

सर म्हणजे आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर. अकराव्या वर्षी मी घराचं मागचं दार काढलं होतं, दोरीवरच्या कपड्यांसकट. सरांनी त्यावर लाल पेन्सिलीनं शेरा मारला, 'घरून कुणाकडून तरी काढून आणले आहे', आणि मला तासभर बाकावर उभं केलं. त्यानंतर मी ब्रश धरला नाही. पुढे मंत्र्यांपासून ठेकेदारांपर्यंत सगळ्यांना तोंडावर जाब विचारला. त्या शेऱ्याला मात्र कधीच नाही. सर दोन वर्षांपूर्वी वारले.

बहीण सकाळी तिच्या शिवणाच्या दुकानात जायची, ती संध्याकाळीच परतायची. मधे घरात मी, माझी कुबडी आणि टेबलावरचं गजराचं घड्याळ. पहिल्या दिवशी किटली काढली. ती बदकासारखी दिसत होती. मी एकटीच खो-खो हसले. दुसऱ्या दिवशी चपला, मग कुबडी. रंग ओघळले तर ओघळू दिले. पाच मिनिटांचे दोन तास कधी झाले, कळलं नाही.

चौथ्या दुपारी डुलकी काढून उठले, तर वहीतल्या किटलीच्या कडीवर लाल रेघ. शेजारी बारीक, वळणदार अक्षरं. 'प्रमाण चुकले.'

"गंमत पुरे," संध्याकाळी मी बहिणीला म्हणाले.

"मी कशाला? माझ्याकडे खडू असतो, तोही निळा. आणि त्या किटलीचं प्रमाण कसलं बघायचं? तिला पाय फुटलेत."

घर धुंडाळलं. लाल पेन्सिल कुठेच नव्हती. मी अशी सहज मानणारी नाही. दुसऱ्या दिवशी दाराला आतून कडी घातली, वही खणात कुलूपबंद केली आणि किल्ली मुठीत धरून जागी बसले. तासाभरानं खणातून आवाज आला. कागदावर काहीतरी हळूहळू घासत होतं... थांबत होतं... पुन्हा घासत होतं. खण उघडला. खडूच्या धुळीचा वास आला, फळा पुसायच्या ओल्या फडक्याचाही. चपलांवर लिहिलं होतं, 'रेघ डळमळीत.'

मी घाबरले, खोटं कशाला सांगू? पण हाताला झालं ते भीतीहून वाईट होतं. तो आखडला. मी कागदाकडे चोरून बघायला लागले. त्या रात्री जेवताना बहिणीला म्हटलं, "उद्या येताना खोडरबर आण."

तिनं घास खाली ठेवला. "पुन्हा सोडणार आहेस?"

मी ताटातली भाजी चिवडत राहिले.

दुसऱ्या दुपारी मुद्दाम तेच काढलं. मागचं दार, दोरी, कपडे. ऊन लख्ख होतं, तरी टेबलापाशी गारवा साचला. मी बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर कागदावर लाल अक्षरं उमटायला लागली. घरून... कुणाकडून...

माझ्या हातातला ब्रश खाली गेला. मी पुन्हा त्या बाकावर उभी होते. आणि मग, इतक्या वर्षांनी, मला राग आला.

"सर," मी म्हणाले, "हे घरच आहे. इथे दुसरं कुणी नाही. नीट बघा."

अक्षरं थांबली.

"जन्मभर दुसऱ्यांच्या रेघा तपासल्यात. आता तुम्ही काढा. पाच मिनिटं. खोडरबर मिळणार नाही."

मी पान उलटून कोरं उघडलं, घड्याळाला गजर लावला आणि पाठ फिरवली. कितीतरी वेळ काहीच नाही. नुसती टिकटिक. मग मागून एक रेघ ऐकू आली. घाबरलेली, अडखळती. कुणीतरी श्वास रोखून काढतं तशी.

गजर वाजला. मी वळले. पानावर एक लाल किटली होती. माझ्याहून वाकडी, तोटी पार तळाला. मागच्या पानावरचा अर्धवट शेरा आडव्या रेघेनं खोडलेला होता.

मला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पाच बोटं रंगात बुडवून पुढची सहा पानं भरली. संध्याकाळी बहीण आली तेव्हा मी कोपरापर्यंत हिरवी होते.

"खोडरबर," तिनं पिशवी पुढे केली.

"तुझ्या दुकानात ठेव."

"हे कुणी काढलंय?" तिनं लाल किटलीवर बोट ठेवलं.

"नवशिक्या आहे. हसू नकोस त्याला."

आता रोज दुपारी बसते. हात मोकळा आहे, झोप छान लागते. डाव्या बाजूचं पान मी नवशिक्यासाठी कोरं सोडते. शेरे बंद झाले. पहिली वही परवा संपली, म्हणून बहिणीनं नवी आणली. वह्यांच्या दुकानातली, प्लास्टिकच्या वेष्टनातली. वेष्टन मी माझ्या हातानं फाडलं.

पहिल्या पानाच्या कोपऱ्यात, लाल पेन्सिलीनं, एकच शब्द होता.

'हजर.'