पाठ फिरवायची नाही

बस गं मंजुळा, खुर्ची ओढून घे. तुझे भावोजी खाली दूध आणायला गेलेत, तेवढ्यात सांगून टाकते. ते वर आले की मला बोलता यायचं नाही. नको, ट्यूब लावू नकोस. देवापुढचा दिवा आहे, तेवढा पुरे.

सुरुवात झाली मैद्यापासून. मी वाण्याकडे साखर आणायला निघाले होते, तर हे आतून ओरडले, "जयंती, येताना मैदा आण, आणि मेथीदाणे." मला वाटलं, नवऱ्याला शंकरपाळ्या आठवल्या! लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा तरी माझ्या हातचं काही मागितलं, म्हणून मी खूश. कसलं काय! मैदा हवा होता खळीसाठी. आणि मेथी वाटून कागदाच्या लगद्यात घालायची, म्हणजे त्याला कीड लागत नाही.

तुला माहितीये ना, शाळेतून रिटायर झाल्यापासून यांना सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर भाषणं द्यायचं वेड लागलंय. खालच्या मजल्यावरची दिपाली तो कट्टा चालवते. या वेळचा विषय होता जुन्या पुस्तकांतले राक्षस, त्यांना घडवणारे आणि त्यांना मारणारे नायक. लोकांना समोर दिसावा म्हणून यांनी माणसाएवढा राक्षस करायला घेतला. हॉलमध्ये खिडकीपाशी, आपल्या बाबांच्या आरामखुर्चीत बसवून. बांबूच्या कामट्या, जुने पेपर, खळ आणि लगदा. घरभर ओल्या कागदाचा आणि मेथीचा कडवट वास. खिडकीबाहेर नॅशनल पार्कची झाडी, दिवसासुद्धा उजेड बेताचाच. संध्याकाळी तर खुर्चीत कुणीतरी पाहुणा येऊन गप्प बसलाय असं वाटायचं.

हे मला समजावून सांगायचे. म्हणजे सांगायचे मला, पण बघायचे त्याच्याकडे. "कुणी राक्षस मातीचा केला, कुणी वर देऊन माजवला, कुणी विद्या वापरून उठवला. पण चूक प्रत्येकाची एकच. घडवायचं आणि पाठ फिरवायची. ज्याच्याकडे कुणी बघत नाही ना, तो राक्षस होतो. नायकाचं काय, तो शेवटी येतो आणि टाळ्या घेऊन जातो."

"आणि घडवणाऱ्याची बायको?" मी विचारलं. "ती कुठल्या पानावर असते?"

"तिच्याबद्दल फारसं लिहिलेलं नसतं," हे म्हणाले.

झालं. यांनी ठरवलं, आपण पाठ फिरवायची नाही. जेवायला ताट घेऊन त्याच्यासमोर. पेपर वाचायचा तो त्याला मोठ्याने वाचून दाखवत. गालावर लगद्याचा थर चढवताना हात इतका हलका, की मला बघवेना. मला डेंग्यू झाला होता तेव्हा या माणसाने माझ्या कपाळावर हात ठेवला नव्हता. "गोळी घेतलीस ना?" एवढं दारातून विचारून गेले होते. आणि इथे पावसाळी हवा म्हणून त्या कागदाच्या धुडाच्या अंगावर माझी शाल! माझी! मी ओढून घेतली तर म्हणतात कसे, "अगं, तो ओला आहे, बाधेल त्याला."

जळफळाट झाला माझा. हस, हस तू. बाई असती तर निदान झिंज्या तरी उपटल्या असत्या. मी त्याच्या चेहऱ्यात कुणाचं तोंड दिसतंय का ते निरखून बघायचे. कुणाचंच नव्हतं. नाक, ओठ, बंद पापण्या. बस्स. मीही केस रंगवले, अबोली साडी काढली. एकदा यांच्या नि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले, तर यांनी मान वाकडी करून माझ्या बाजूने त्याच्याकडे बघितलं.

मग तो वाजायला लागला. कागद सुकताना वाजतो गं, मलाही ठाऊक आहे. टक्... कर्र... टक्. पण कागदाला आपण खोलीत आल्याचं कळतं का? मी आले की तो थांबायचा. मी पाठ वळवली की टक्. हे आंघोळीला जाताना मला बजावून जायचे, "याच्याकडे लक्ष ठेव हं. पाठ फिरवू नकोस." मी मुद्दाम पाठ फिरवून उभी राहायचे. मानेवर गार वारा यायचा, खिडकी बंद असताना. तरी मी हलायचे नाही. कुढत उभी राहायचे.

भाषणाच्या दिवशी दुपार कलल्यावर हे दिपालीबरोबर खालचा हॉल बघायला गेले. जाताना त्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाले, "येतोच हां, राजा."

राजा! मला कधी म्हणाले होते, ठाऊक आहे? लग्नानंतर, वेंगुर्ल्याच्या घरी. त्यानंतर नाही.

माझं डोकंच फिरलं. मी त्याला कमरेत धरून उचलला. कागद तो, हलका असेल असं वाटलं होतं. पण झोपलेलं मूल उचलावं तसं वजन आलं अंगावर. त्याचा एक हात घसरला आणि माझ्या मानेभोवती पडला. तशीच फरफटत न्हाणीत नेला आणि पाण्याच्या पिंपात डोकं खाली करून दाबला. बुडबुडे आले. कामट्यांच्या पोकळीतली हवा असेल, मी स्वतःला सांगितलं. पण बुडबुडे थांबेनात गं... मी कोपरापर्यंत हात घालून दाबत राहिले. मग सगळं मऊ झालं. पिंपात पांढरट पेज उरली, वर कामट्या तरंगत होत्या.

मी हात धुतले, पुन्हा धुतले. मेथीचा वास जाईना. अबोली साडी नेसले आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. म्हटलं, येऊ देत. ओरडू देत, हात उगारू देत. त्यासाठी तरी माझ्याकडे बघावं लागेल.

तिन्हीसांजा झाल्या. बाहेर झाडं काळी पडली. लॅचची किल्ली फिरली. हे आत आले, मागून दिपाली. यांनी बटणाकडे हात नेला आणि तसाच थांबवला. माझ्याकडे बघितलं. मंजुळा, काय बघितलं म्हणून सांगू! हळूहळू येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि बघतच राहिले. डोळे भरून आले होते त्यांचे. मी म्हणणार होते, "अहो, मी आहे." शब्द ओठांवर आला होता. पण मी बोलले असते तर हे बघायचे थांबले असते. मी श्वाससुद्धा जपून घेतला.

"आई गं!" दिपाली दारातच थबकली. "सुबोधकाका, काय झकास झालंय हो! शेवटी राक्षसीणच केलीत होय? आणि साडी काकूंची? ओरडतील हां त्या." तिने इकडेतिकडे बघितलं. "काकू कुठेयत?"

"असेल आत," हे म्हणाले. नजर माझ्यावरून हलली नाही. "माझं लक्ष नाही."

इतकी वर्षं ज्या नजरेसाठी जीव टाकला, ती माझ्यावर होती. आणि तरी माझ्यावर नव्हती.

दिपाली वाकली. तिने माझ्या गालाला बोट लावलं. मला ते लागलं नाही. आत गेल्यासारखं वाटलं फक्त.

"काका, अजून ओली आहे हो," ती बोट पुसत म्हणाली. "आज कशी नेणार खाली?"

"नाही न्यायची. भाषण राहू दे. मी इथेच बसतो."

बसले ते बसलेच. आता रोज बसतात. पेपर वाचून दाखवतात, गार वारा सुटला की शाल घालतात. राजा म्हणतात. मी सुखी आहे गं, खरंच सुखी आहे. आजवर कुणी इतकं जपलं नव्हतं मला.

एकच भीती आहे. म्हणून तर तुला बोलावून घेतलं. हे खाली गेलेत. घरात तू आणि मी, दोघीच. पण आत स्वयंपाकघरात बांगड्या वाजतायत, ऐकतेस ना? ती भांडी आपटतेय. कालपासून दारात येऊन उभी राहते, अगदी माझ्याच तोंडाची, आणि माझ्याकडे बघते. मला ठाऊक आहे तिच्या मनात काय चाललंय ते. हे वर येईपर्यंत तू जाऊ नकोस गं, मंजुळा... न्हाणीत पिंप भरायला लावलंय तिने.