अजून मेलो नाही

१२ सप्टेंबर २०१७, मंगळवार. उमरखेडमध्ये सकाळी साडेसातला वीज होती आणि सव्वादहाला जाणार होती. किसनसिंग राठोड यांनी बसस्टँडमागच्या गेम पार्लरचं शटर अर्धं वर केलं, अगरबत्ती लावली आणि दोन्ही रिमोट ओल्या फडक्याने पुसून टेबलावर ठेवले. मी आणि माझा चुलतभाऊ धम्मरत्न त्यांच्या मागोमाग वाकून आत गेलो. रोज सकाळी दीड तास आम्ही तिथे सराव करायचो.

गेम मारामारीचा होता. समोरासमोर दोन लढवय्ये, तीन राउंड, दोन जिंकणारा विजयी. पार्लरने लढवय्यांना स्वतःची नावं दिली होती. धम्मरत्नचा जाडजूड, एका डोळ्याचा पहिलवान म्हणजे ‘बैल’, आणि लांब पायांनी लाथा मारणारा माझा लढवय्या ‘बगळा’. धम्मरत्नला एक खोड होती. हल्ल्याआधी तो बैलाला झटकन दोनदा खाली बसवून उठवायचा. त्याला आम्ही उठाबशा म्हणायचो. समोरच्याला कळायचं की आता मार येणार, तरी तो चुकवता यायचा नाही.

किसनसिंग यांचा एकच नियम होता. हरणाऱ्याने मोठ्याने ‘मेलो’ म्हणायचं आणि उठायचं. तोवर खुर्ची त्याची. पूर्वी एकदा हरलो की नाही यावरून भांडण होऊन एकाचं डोकं फुटलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम.

त्या सकाळी आमची पैज होती. फुलसावंगी रस्त्यावर वामनरावांच्या कपाशीत फवारणीला एक माणूस हवा होता. हंगामात आम्ही दोघेही तिथे जायचो. शनिवारी मात्र माझी नागपूरला स्पर्धा होती, माझी पहिलीच मोठी.

“जो मेला तो फवारणीले जाईन,” धम्मरत्न म्हणाला होता.

पहिला राउंड मी घेतला, दुसरा त्याने. तिसऱ्यात त्याने मला कोपऱ्यात कोंडलं. बैलाने बगळ्याचं डोकं गुडघ्यावर आपटलं, उचलून पुन्हा आपटलं. माझा सहावा हिस्सा जीव उरला होता, त्याचा अर्ध्याहून जास्त. घड्याळात सत्तेचाळीस सेकंद होते. मी हरणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

तेवढ्यात शटरबाहेर मोटारसायकल थांबली. वामनराव वाकून आत डोकावले. “कोन येते रे आज? ऊन चढून राह्यलं.”

मी पडद्यावरची नजर काढली नाही.

धम्मरत्नने खेळ थांबवला. “मी येतो, भाऊ,” तो त्यांना म्हणाला आणि मग माझ्याकडे वळला. “तुया बोटाले औषध लागलं तं नागपूरले काय खेळशीन? पन ध्यानात ठेव लेका, अजून मेलो नाही मी.”

तो हसत गेला. मी काही बोललो नाही. हे वाक्य मी पुष्कळदा लिहून खोडलं आहे, पण त्या सकाळचा नेमका हिशेब एवढाच आहे: पाळी माझी होती, आणि मी काही बोललो नाही.

त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती. फवारा वर धरावा लागायचा आणि औषध अंगावरच पडायचं. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात त्या महिन्यात अशीच माणसं भरलेली होती. डॉक्टरांनी पापणी वर केली तेव्हा मी त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पाहिल्या. त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तोंडातून लाळ थांबत नव्हती. हात पलंगाला बांधले होते, कारण तो ते हवेत आपटत होता. शुक्रवारी सकाळी तो गेला. माझी मथुराकाकू, त्याची आई, मला एवढंच म्हणाली, “तुयी स्पर्धा हुकली नं रे.”

जानेवारीत मी पुन्हा खेळू लागलो.

मी संख्याशास्त्राचा पदवीधर आहे. या खेळात एका सेकंदाची साठ चित्रं असतात. माणसाला पाहून हात हलवायला त्यातली बारा-पंधरा तरी लागतात. मी प्रत्येक सामन्याचं चित्रीकरण ठेवायचो आणि ते चित्रागणिक तपासायचो. पुढे जे सांगतो आहे, ते आधी मी असंच तपासलं आहे.

त्याच महिन्यात नागपूरला झालेल्या दुसऱ्या एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात एक-एक बरोबरी झाली. तिसऱ्या राउंडच्या सुरुवातीला माझ्या प्रतिस्पर्ध्याने त्याच्या लढवय्याला दोनदा खाली बसवलं. झटकन. मग माझ्या बरगडीत लाथ बसली. माझ्या म्हणजे बगळ्याच्या. मी कसाबसा जिंकलो. रात्री बनियन काढलं तेव्हा डाव्या बरगडीवर मुठीएवढा काळानिळा डाग होता. बसच्या दांड्यावर आपटलो असेन, असं मी वहीत लिहिलं.

एप्रिलमध्ये पुण्यात तेच घडलं. प्रतिस्पर्धी वेगळा, गावही वेगळं. पहिले दोन राउंड तो स्वतःसारखा खेळला. तिसऱ्यात उठाबशा सुरू झाल्या, आणि त्यानंतरचे फटके कोणत्याही माणसाच्या खेळात नसतात तसे जड होते. त्याने बगळ्याला खाली पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि मारत राहिला. माझ्या कानात काहीतरी तुटल्याचा आवाज आला. सामना मी तोंडाने श्वास घेत संपवला आणि जिंकला. एक्स-रेत दोन बरगड्यांना तडे निघाले.

“कोणी मारलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“व्हिडिओ गेम खेळत होतो,” मी म्हणालो. त्यांनी कागदावर ‘पडल्यामुळे’ असं लिहिलं.

त्या स्पर्धेनंतर पुण्याच्या एका संघाने मला पगारावर घेतलं. आमच्या वस्तीतून खेळून पगार मिळवणारा मी पहिलाच. मथुराकाकूने वस्तीत खीर वाटली. ती नोकरी नाकारणं मला शक्य नव्हतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर नाकारावंसं वाटतही नव्हतं. म्हणून मी साधा उपाय केला. तिसरा राउंड होऊच द्यायचा नाही. मे ते जुलै मी एकही सामना तिथवर जाऊ दिला नाही. पहिल्या चित्रापासून तुटून पडायचं, समोरच्याला श्वासही घेऊ द्यायचा नाही, दोन राउंडांत संपवायचं. माझ्या क्रूर खेळाची चर्चा होऊ लागली. लोक त्याला माझी शैली म्हणत.

ऑगस्टच्या शेवटी हैदराबादला मोठी स्पर्धा होती. जिंकणारा परदेशी खेळायला जाणार होता. उपांत्य सामना अमरावतीच्या नयन नावाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याशी होता. सामन्याआधी तो हसत म्हणाला, “दादा, जरा हळू मारजो. घरचे पाहून राह्यले मोबाइलवर.”

पहिला राउंड मी अठरा सेकंदांत घेतला. दुसऱ्यात माझा अंगठा घसरला. एकच चूक झाली आणि नयनने तिचा फायदा घेतला.

एक-एक.

मी पंचांकडे पाहिलं. उठावं असं वाटलं. उठलो नाही.

तिसरा राउंड सुरू झाला तेव्हा वातानुकूलित सभागृहात मला औषधाचा वास आला. कपाशीवर मारतात त्याचा, गोडसर आणि घशाला टोचणारा. नयनचा लढवय्या दोनदा खाली बसला.

पहिला फटका माझ्या जबड्यावर आला. तोंडात रक्ताची चव उतरली. मी पडद्याकडे पाहण्याऐवजी नयनकडे पाहिलं. त्याची बोटं रिमोटवर इतकी आवळली होती की नखं पांढरी पडली होती. शर्ट घामाने चिंब झाला होता. हनुवटीवरून लाळ ओघळत होती. तो पडद्याकडे पाहतच नव्हता.

बोटं मात्र चालूच होती.

त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या.

मी माझा रिमोट खाली टाकला. नयन खुर्चीसकट कोसळला.

तो वाचला. तीन दिवस अतिदक्षता विभागात होता. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर गाठून विचारलं, “हा शेतात काम करतो का?” मी नाही म्हणालो. नंतर मी चित्रीकरण तपासलं. माझा रिमोट जमिनीवर पडला त्या चित्रात नयनचा लढवय्या हल्ला अर्ध्यावर सोडून उभा राहिला होता. पुढची एकशे नव्वद चित्रं तो हललेला नाही. कोणीतरी वाट पाहावी तसा.

पंचांनी सामना मलाच दिला. अंतिम सामना रविवारी ठेवला. संघाच्या व्यवस्थापक रुपालीताई तीन वेळा फोनवर म्हणाल्या, “इंद्रजित, त्या मुलाच्या आजाराशी तुझा काय संबंध? तू फक्त खेळ.” मी ‘हो’ म्हणालो. शनिवारी रात्रीच्या गाडीने नांदेडला आलो आणि तिथून पहिल्या एस.टी.ने उमरखेडला उतरलो.

रविवारी सकाळी साडेसातला किसनसिंग यांनी शटर अर्धं वर केलं. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. अगरबत्ती लावली, रिमोट पुसले. डावीकडची, धम्मरत्नची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती.

“हिच्यावर कोनी बसत नाही काय?” मी विचारलं.

“कसा बसन? त्यानं मेलो म्हनलं काय अजून?”

त्यांनी ती खुर्ची स्वतःच टेबलापाशी आणली. दुसरा रिमोट तिच्यासमोर ठेवला आणि काउंटरकडे जाऊन पाठ फिरवून उभे राहिले.

मी बैल आणि बगळा निवडले. एकच राउंड ठेवला. सुरू झाल्यावर माझा रिमोट टेबलावर पालथा घालून दोन्ही हात मांडीवर घेतले.

बारा सेकंद दोघेही लढवय्ये नुसते श्वास घेत उभे होते. टेबलावरच्या दुसऱ्या रिमोटला कोणी हात लावलेला नव्हता.

मग बैल दोनदा खाली बसला.

त्याने बगळ्याला कोपऱ्यात नेलं. माझ्या पाठीला खुर्ची रुतली.

डोकं गुडघ्यावर आपटलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं.

उचलून पुन्हा आपटलं. नाकातून काहीतरी गरम ओठावर आलं. मी ते पुसलं नाही. हात मांडीवरच ठेवले.

सहावा हिस्सा उरल्यावर बैल थांबला. घड्याळात सत्तेचाळीस सेकंद होते.

तो माझ्या बोलण्याची वाट पाहत होता.

“मेलो,” मी म्हणालो. मोठ्याने, नियमाप्रमाणे. आणि उठलो.

शेजारची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. किसनसिंग यांनी वळून पाहिलं नाही. “जाय आता,” ते म्हणाले. ते कोणाला म्हणाले, हे मी विचारलं नाही.

वामनरावांच्या शेतावर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. ते खोपीत डबा उघडत होते. माझ्या नाकाखालचं वाळलेलं रक्त पाहून थबकले.

“तू? पेपरात फोटो येते तुया. तुले कायले पाह्यजे फवारणी?”

“पाळी माई होती, भाऊ. मांगच्या वर्साची.”

त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. मग हातमोजे, मास्क आणि चष्मा काढून दिला. “हे घातल्याबिगर कोनाले जाऊ देत नाही आता,” ते म्हणाले. “आन थो नवा पंप घे. जुन्याले वर्सभर हात लावला नाही कोनी.”

मी मास्क बांधला, चष्मा घातला. खिशात मोबाइल थरथरत होता. रुपालीताई असतील. तो मी बंद करून खोपीच्या आढ्यावर ठेवला.

जुना पंप खिळ्याला टांगलेला होता. शेवटी तो धम्मरत्ननेच वापरला होता. तो माझ्याहून वीतभर उंच. दरवेळी पट्टा शेवटच्या भोकात सोडून यायचा आणि मी शिव्या देत तो चौथ्यात आणायचो. पंपावर धुळीचा जाड थर होता, पट्ट्यावरही होता. मी पंप उतरवून भरला, पाठीवर घेतला आणि पट्टा आवळायला हात मागे नेला.

पट्टा चौथ्या, माझ्या मापाच्या भोकातच होता.

मी कपाशीच्या पहिल्या ओळीत शिरलो.