रिकाम्या खिडकीतला माणूस

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यात चिमूटभरही तिखटमीठ नाही. माझ्या आजेसासऱ्यांच्या बाबतीत, भरदिवसा घडलेलं आहे हे.

लाकडावर चित्रं कोरून ती साप्ताहिकांना छापायला द्यायची, अशा कारखान्यात ते कामाला होते. आजेसासऱ्यांच्या डोळ्याला कायम भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंगोजी म्हणायचे. शेजारच्या बाकावर धाकटा भाऊ. त्याला कोरणी धरायला त्यांनीच शिकवलेलं.

चित्र मोठं असलं की ठोकळ्याचे तुकडे सुटे करून वाटायचे, कोरून झाले की परत जोडायचे. त्या दिवशी भिंगोजींच्या वाट्याला जळक्या घराची खिडकी आली. रिकामी, काळीकुट्ट. म्हणजे तिथे कोरणी लावायचीच नाही. कोरलेलं ते छपाईत पांढरं दिसतं, आणि कोरलेलं लाकूड काही परत भरून येत नाही.

जेवून आले, बघतात तर...

खिडकीत बारीक रेघा.

एक खांदा. अर्धा गाल.

झालं! मालकांनी आधीच बजावलं होतं, "आता ठोकळा नासवलात तर घरी बसा."

रेघेचं वळण ओळखीचं होतं. असा हात कारखान्यात दोघांचाच. एक स्वतः भिंगोजी.

आणि धाकटा जेवणावरून आधी उठला होता...

"सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देतोस?"

"दादा, मी हात धुवायला गेलो होतो रे!"

"तोंड वर करून बोलू नकोस!"

एकदा मनात पाल चुकचुकली की माणूस ऐकतो कुणाचं? भिंगोजींनी मालकांच्या कानावर घातलं, आणि मालकांनी धाकट्याला तिथल्या तिथे काढलं. तो मान खाली घालून गेला.

कोरताना ठोकळा टेकवायला वाळू भरलेली उशी असते, तिच्यावर भिंगोजींनी तो ठेवला. बघत बसले.

कर्र... कर्र...

कोरण्या सगळ्या जागच्या जागी होत्या.

गालाशेजारी लाकडाचा भुगा आपोआप वर आला. भुग्याखाली एक डोळा उमटत होता.

भिंगोजींच्या तोंडचं पाणी पळालं. पोराला उगाच घालवलं! तसेच धावत भावाच्या घरी गेले. दार बडवलं.

"चुकलो रे बाबा! तुझा काही दोष नव्हता. चल, मालकांना मी सांगतो."

आत पावलं वाजली. दार बोटभर किलकिलं झालं... आणि लगेच लागलं.

"उघडतो, दादा," धाकटा आतून हळूच म्हणाला. "पण तुला खेटून उभा आहे ना, त्याला आधी जायला सांग."

कोण होता तो? सासूबाई विषय काढू देत नाहीत. आणि मलाही हे लिहिताना सारखं मागे वळून बघावंसं वाटतंय.

पुढे भिंगोजी कितीतरी वेळा भावाच्या दाराशी गेले. धाकटा दरवेळी फटीतून बघायचा...

आणि कडी लावून घ्यायचा.