एकतीस तारखेचं तिकीट

या, उपेंद्र. दार लोटून घ्या, एसी म्हातारा आहे. ट्यूब गेली आहे, हा टेबलावरचा दिवा तेवढा चालतो. तुम्ही त्या खाटेवर बसा. ती माझी होती. मी हल्ली या खाटेवर असतो.

तर उद्या एकोणतीस फेब्रुवारी, आणि तुमचं तिकीट उद्याचं. शतकाच्या वर्षात ही तारीख असते की नसते, याबद्दल म्हणे काही संगणकांचं अजून एकमत नाही. म्हणून जावं की न जावं हे विचारायला तुमच्यासारखा इंजिनियर मुसफ्फाच्या या लेबर कॅम्पात आला. कुणीतरी सांगितलं असणार, एकतीस डिसेंबरला काय झालं ते त्या खोलीतल्या म्हाताऱ्याला विचारा. सांगतो.

आखातात येऊन या कंपनीत मी आयुष्यभर कारकुनी केली आणि डिसेंबरअखेर साठ पूर्ण झाली म्हणून सुटलो. त्याआधी डिसेंबरात एक सर्क्युलर निघालं. एकतीसच्या रात्री कंपनीच्या कोणत्याही कर्मचाऱ्याने विमानप्रवास करू नये. कारण तुम्हाला ठाऊकच आहे. संगणकाला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे कळतात, बारा वाजता दोन शून्यं आली की त्याला एकोणीसशे साल लागलं असं वाटणार. एकोणीसशे साली विमानं नव्हती. ही गोष्ट विमानाच्या ऐन वेळी लक्षात आली, तर ते खाली येणार. सर्क्युलरवर सही शैलेंद्रसाहेबांची, टायपिंग माझं. आणि त्याच आठवड्यात कंपनीने काढलेलं माझं परतीचं तिकीट टेबलावर आलं. एकतीस डिसेंबर, रात्री साडेदहा.

मी साहेबांकडे गेलो. ते प्रेमाने हसले. म्हणाले, "काका, एकतीसला तुम्ही कर्मचारी कुठे असता? तीसलाच सेटलमेंट होतंय तुमचं. विमान रिकामं असेल, तीन सीटवर मस्त आडवे व्हा."

यात खोट काढायला जागा नव्हती. मजकूर माझ्याच हातचा होता.

दोन जानेवारीला सांगलीत माझ्या रुचाचं लग्न. एकुलती एक मुलगी. तिचं बारसं, पहिली शाळा, दहावीचा निकाल, सगळं मी पोस्टाने आलेल्या फोटोंत पाहिलं. कन्यादान तेवढं स्वतःच्या हाताने करायचं होतं. पहिल्या तारखेची विमानं कंपन्यांनी भीतीपोटी रद्द केली होती. म्हणजे एकतीसला निघालो तरच पोचणार, नाहीतर नाही.

तीसच्या संध्याकाळी बायकोचा फोन आला. लतिका म्हणाली, टीव्हीवर काय काय सांगतायत, तुम्ही त्या विमानाने येऊ नका. लग्न काही जिवापेक्षा मोठं नाही. प्रसन्न, म्हणजे तिचा भाऊ, करेल कन्यादान. पुढे म्हणाली, "आमची काळजी करू नका. तुमच्यावाचून राहायची आम्हाला सवय आहे." टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

आता गंमत बघा. विमानात बसायला अख्खा कॅम्प घाबरत होता, पण त्याच विमानाने पार्सल पाठवायला एकजण मागे हटला नाही. खजूर, बदाम, मिक्सर, कुणाच्या पोराचे बूट. साहेबांनी स्वतः सासूबाईंसाठी सोन्याची चेन दिली आणि वर, "सांभाळून हां काका," असंही म्हणाले. चेन पडली असती तर वाईट झालं असतं.

एकतीसला शुक्रवार होता, त्यात रमजान. तशी दुपार तुम्ही मुसफ्फात पाहिली नसेल. गॅरेजांची शटरं खाली, क्रेन माना टाकून उभ्या. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. ऊन पांढरं फटक. गरम लोखंड आणि डिझेल यांचा वास तेवढा हवेत राहिलेला. खोलीत मी एकटा. बॅग आणि पार्सलं दाराशी रचलेली, टेबलावर पासपोर्ट आणि तिकीट. मी खाटेवर बसून होतो. उठून बॅग उचलावी म्हणत होतो आणि पाय उचलत नव्हते. मग एसी घरघरला आणि बंद पडला. त्या शांततेत पहिल्यांदा वास आला. बामाचा.

इथे भानुदासबद्दल सांगायला हवं. आमचा स्टोअरकीपर, देवरुखचा. वर्षानुवर्षं या खोलीत माझ्यासोबत राहिला. स्टोअर सोडून जाता येत नाही म्हणून रजा नाही, पण कुणीही घरी निघालं की त्याचं खोकं तयार. निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेलं. देताना ठरलेलं वाक्य, "जड नाही." दोन हिवाळ्यांपूर्वी छातीत दुखायला लागलं. गॅस असेल म्हणून बाम चोळत बसला आणि या खाटेवरच गेला. मी बसलोय ना, या. बॉडी पाठवण्यापेक्षा इथे दहन स्वस्त पडत होतं. कंपनीने घरी सर्टिफिकेट पाठवलं. खोकी सगळी पोचली, माणूस काही पोचला नाही.

वास वाढत गेला. डोळे चुरचुरायला लागले. मग दारावर टकटक झाली. हळू, झोपलेल्याला उठवू नये अशी. कडी मी लावली होती. उघडली कुणी ते मला माहीत नाही.

तो दारात उभा होता. तोच खाकी शर्ट, छातीवरची बटणं उघडी, कातडी चोळून लाल झालेली. हातात खोकं. निळी दोरी.

"जाताय ना?" त्याने विचारलं.

त्याने खोकं माझ्या बॅगेवर ठेवलं.

"जड नाही..."

"भानुदास... तू..."

"नाही जाणार असाल तर तसं सांगा." आवाजात राग नव्हता. बसमध्ये शेजारी जागा आहे का विचारावं, तसा होता. "तिकीट वाया जाऊ नये... एवढंच."

मी म्हणालो, "नाही जात मी."

"नक्की?"

"नक्की..."

त्याने मान हलवली. या खाटेवर येऊन बसला आणि बूट पुसायला लागला, बाहेर जायचं असलं की पुसायचा तसे. मी भिंतीला पाठ घासत बाहेर पडलो. गेटपाशी उन्हात जाऊन बसलो. संध्याकाळची, मगरीबची अजान होईपर्यंत उठलो नाही.

परत आलो तेव्हा खोली स्वच्छ होती. बॅग नाही, पार्सलं नाहीत. टेबलावर पासपोर्ट नाही, तिकीट नाही.

बारा वाजता काय झालं ते साऱ्या जगाला माहीत आहे. काही नाही. दिवासुद्धा लुकलुकला नाही.

सकाळी कंपनीचा ड्रायव्हर सुजीत मला बघून दोन पावलं मागे सरला. "काका? काल मी तुम्हाला एअरपोर्टला सोडलं की. मागे बसलात, एक शब्द बोलला नाहीत. गाडीतून बामाचा वास अजून जात नाहीये."

दोन तारखेला घरी फोन लावला. मागे सनई चालू होती. मी म्हटलं, लतिका, मी बोलतोय. ती म्हणाली, कोण मी? मी नाव सांगितलं.

"भलती थट्टा करू नका," ती म्हणाली. "ते इथेच आहेत. आत्ताच कन्यादान झालं."

नंतर एकदा फोन केला, तेव्हा म्हणाली की ते समोर बसून मटार सोलतायत. मी जन्मात मटार सोललेला नाही. तिला तिथेच कळायला हवं होतं. कळलं नसेलच, असंही मी म्हणत नाही. तिच्या आवाजात जे सुख होतं, ते मी कधी ऐकलं नव्हतं. मीच फोन ठेवला.

मग इमिग्रेशनच्या खिडकीवर गेलो. फहद नावाचा तरुण अधिकारी होता, अदबीचा. नाव टाकलं, पुन्हा एकदा टाकून पाहिलं. "अंकल, आप तो चले गए. थर्टी फर्स्ट डिसेंबर." मी म्हटलं, मग तुमच्यासमोर कोण उभा आहे? तो म्हणाला, "कंप्यूटर में तो आप नहीं हैं. खलास." साऱ्या जगाने ज्या चुकीची वाट पाहिली, ती एकट्या माझ्या वाट्याला आली. तीही चूक म्हणता येत नाही. तारीख बरोबर होती.

तेव्हापासून इथे आहे. साहेब भेटले होते. चेन पोचली म्हणून खूश होते, मला ओळखल्यासारखं मात्र केलं नाही. मेसमध्ये जात नाही, भूक लागत नाही. तिकडे तो दोन्ही वेळा पोटभर जेवतो म्हणे.

वास येतोय ना तुम्हाला? मघापासून नाक पुसताय म्हणून विचारलं. मी बाम विकत आणत नाही. सकाळी उठतो तेव्हा छातीला लागलेला असतो.

आणि मघाशी दारातून तुम्ही विचारलंत, भानुदासकाका आहेत का? मी "हो" म्हणालो. हल्ली सगळे त्याच नावाने हाक मारतात, दुरुस्त करत बसत नाही.

ते तुमच्या पायाशी खोकं आहे ना, ते माझंच. दोरी मी बांधलेली नाही. पत्ता सांगलीचा आहे, रुचासाठी. उचलून बघा. जड नाही.

तर उपेंद्र... उद्या जाताय ना?

नाही जाणार असाल तर तसं सांगा.