एकवीस पावलं

बस गं शमशाद, अशी खाटंपाशी बस. शिवण आणलंस? बरं झालं, हात चालू ठेव, म्हंजे मोठ्या नर्सबाईला वाटंल तू कामात हायेस. आन् लंगडत का आलीस? नाय सांगायचं तर राहू दे. तुम्हा पोरींच्या पोटातलं काढायला चिमटाच लागतो.

मला आज पडवत नाय, बसवत नाय. सकाळपासून नुसती तळमळ चाललीय. उद्या माझा पाय कापणार, त्याची भीती नाय. या दवाखान्यात आया म्हणून सारी उमर गेली, किती कापलेले हातपाय या हातांनी उचलले. भीती निराळीच हाय. ती तुला सांगायची, कारण माझ्या जागेवर आता तू हायेस आन् उद्या तो पाय तुझ्याच हातात येणार.

बारा वर्षं झाली त्याला. तवा मी धडधाकट होते. गारखेड्याहून रोज बाभळबनातनं चालत यायची, पायात काय नाय. हैदरसाहेब नुकतेच हैदराबादेहून इथं आलेले. सगळे त्यांना बुरशीवाले डॉक्टर म्हणायचे. मागच्या अंगाला ती लांबट खोली हाय ना, तिथं दिवसभर बसायचे. मी त्यांना बटाट्याच्या फोडी करून द्यायची. फोड काचेच्या नळीत जायची, वर कापसाचा बोळा. आजाऱ्याच्या पायातनं निघालेले काळे दाणे साहेब त्या फोडीवर पेरायचे. पंधरा दिवसांत फोडीवर काळपट बुरशी चढायची. मला शिसारी यायची. साहेब मात्र लेकराचं जावळ बघावं तसं बघत बसायचे.

वैजापूरकडच्या कांद्याच्या मळ्यांतनं असले आजारी लई यायचे. अनवाणी माणसं ती. पाय सुजून भोपळा व्हायचा, त्याला भोकं पडायची आन् भोकांतनं मोहरीएवढे काळे दाणे गळायचे. दुखायचं नाय फारसं, म्हणून माणूस वर्षानुवर्षं तसाच चालायचा. दवाखान्यात यायचा तवा कापण्याबिगर इलाज नसायचा.

जब्बार तसाच आला. मोट हाकायचा तो. ताडमाड गडी, हसरा. खाटंवर बसून मला सांगायचा, “सारजाबाई, आमच्या विहिरीची धाव एकवीस पावलांची. बैलांमागं एकवीस पावलं उतरायचं, मोट रिकामी झाली की एकवीस पावलं उलटं वर. डोळे बांधले तरी चुकणार नाय मी.” बायको जाहेदा पायथ्याशी बसलेली असायची. तिनं एकच गोष्ट मागितली. “बाई, पाँव मेरेकू होना. आमच्यात कापलेला पाय कफनात गुंडाळून माती देतात. उद्या हे गेले तर अख्खे गेले पाहिजेत.”

मी म्हणलं, मिळंल की. त्यात काय एवढं? तसा रिवाजच होता इथला.

पाय कापला. बादली घेऊन निघाले तर साहेब दारात आडवे. तोंड उतरलेलं. म्हणाले, “सारजाबाई, हा पाय नका देऊ. असा नमुना मला मिळाला नाही अजून. हा मातीत गेला, तर पुढच्या शंभर जणांचे पाय जातील.”

“आन् तिला काय देऊ साहेब?”

साहेब माझ्याकडं बघत राहिले नुसते. वाईट माणूस नव्हता गं तो. उपाशीतापाशी राबायचा त्याच भोकं पडलेल्या पायांसाठी. मला त्याची दया आली, आन् तिथंच माझी मती फिरली.

मागं बाभळीचं लाकूड पडलं होतं. पायाच्या मापाचं मोडलं, ओल्या मातीनं लिंपलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं आन् बारीक टाक्यानं चहूबाजूनं शिवून टाकलं, कुणी उघडू नये म्हणून. मोडताना एक काटा माझ्या टाचंत घुसला. उपटून फेकला. काय नाय म्हणलं, काटाच तर हाय!

जाहेदानं ते गाठोडं दोन्ही हातांत घेतलं, छातीशी धरलं. माझ्या डोक्यावरनं हात फिरवून दुवा दिली मला. ती दुवा अजून डोक्यावर जड लागते.

चार महिन्यांनी जब्बार कुबडीवर आला. हसणं गेलेलं. माझा पदर धरून बाजूला नेलं आन् हळूच म्हणाला, “बाई... माझा पाय ओला लागतो.”

“कोणता?”

“नसलेला. जिथं पुरला तिथली माती खडखडीत कोरडी हाय. मग पाय पाण्यात कसा? डोळ्यांत झोंबतो तसला वास येतो त्या पाण्याला. आन् परवा कुणी तरी त्याच्या चकत्या करत होतं, बाई. दुपारी. एक... मग एक...”

साहेबांनी पाय काचेच्या बरणीत, औषधाच्या पाण्यात ठेवला होता. आन् परवा दुपारीच चकत्या केल्या होत्या. बरणी मीच धरली होती.

“खरं सांग बाई. पाय कुठं हाय?”

“वेड लागलं का रे तुला?” मी खेकसले. “मातीतच हाय तुझा पाय.” असं बोलले गं मी, त्याच्या तोंडावर. जळो ही जीभ.

त्या पावसाळ्यात तापानं गेला तो. पुरताना त्याच्या माणसांनी पायाची जागा उकरली, त्याचा पाय त्याच्याजवळ ठेवायला. कापड कुजलं होतं. आत लाकूड.

चौथ्या दिवशी जाहेदा आली. आरडली नाय, ओरडली नाय. ते लाकूड त्या मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवलं. मी तिचे पाय धरले. तशीच उठून साहेबांकडं धावले, म्हणलं, देऊन टाका. साहेबांनी मान खाली घातली. पाय आता पाय राहिलाच नव्हता. चकत्या काचेच्या पट्ट्यांवर बसून हैदराबादेला गेल्या होत्या.

मी बाहेर येऊन जाहेदाला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मग एका पायावर कसा चालंल तो?”

आन् गेली.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं ते. वेळ हीच. ऊन कलतं, गडी दुपारची मोट जुंपतात, तीच. मी खोलीत नळ्या विसळत होते. मागं आवाज आला. थप... मग खंड... मग थप. अनवाण्या पायाचा, एकाच पायाचा. मला वाटलं कुणी आजारी उठून आलाय. वळले तर कुणी नाय. नुसता त्या औषधी पाण्याचा वास. मोजायला लागले, भीतीनं माणूस काय बी करतं. एकवीस. मग थांबलं. मग एकवीस उलटी.

ती खोली तू रोज झाडतीस शमशाद. सांग, किती पावलांची हाय? अकरा. अकराव्या पावलाला भिंत लागते. आन् तो एकवीस चालायचा.

साहेबांना ऐकू यायचं नाय. कुणालाच नाय. मी नळ्या फोडल्या, अंगारा आणला, दर्ग्यावर चादर चढवली. साहेब रागावलेसुद्धा नाय. म्हणाले, सारजाबाई, थकलात तुम्ही. रोज त्या वेळेला थप, खंड, थप. मी खोली सोडून वॉर्डात काम मागितलं, तर आवाज वॉर्डात आला. घरी बसले तर गारखेड्यात आला.

सात वर्षांनी माझ्या टाचंला गाठ आली. काटा घुसला होता तिथंच. मग भोक पडलं. साहेबांनी भिंग लावून माझे काळे दाणे बघितले, तवा ते हसले का रडले मला कळलं नाय. माझी नळी जब्बारच्या जुन्या नळीशेजारी धरली. त्याची बुरशी अजून जिवंत ठेवलीय त्यांनी, दर पंधरवड्याला ताजी फोड घालून. म्हणाले, दोन्ही एकच.

म्हणून सांगते. उद्या माझा पाय कापला की तो जाहेदाला पोचव. हाय ती अजून, वैजापुरात. म्हणावं, सारजाबाईनं पाठवलाय, त्याच्या मातीत ठेव. बाईचा हाय, दुसऱ्या धर्माचा हाय, असं ती म्हणायची नाय. सडका का होईना, पाय हाय. त्याला चालता येईल आन् मी सुटंन. एवढं कर माझं. साहेबांनी मागितला तरी देऊ नको. शपथ घे.

घे ना.

...मान का खाली घातलीस? आन् काय शिवतीस गं मघापासनं? उशीचा अभ्रा नाय तो. दाखव इकडं.

हा टाका मीच शिकवला तुला.

आत काय हाय? मातीचा वास येतोय... माझ्या पायाच्या मापाचं लाकूड... साहेबांनी सांगितलं? नाय? नुसते तुझ्याकडं बघत राहिले? व्हय. तसंच बघतात ते.

रडू नको. तुझ्यावर राग नाय माझा. पाय दाखव तुझा, लंगडत आलीस तो. काटा? बाभळीचा? काढलास म्हणतीस, काय नाय म्हणतीस... अगं माझे बाई, मी बी हेच म्हणलं होतं!

थांब.

ऐक. व्हरांड्यातनं येतंय... तुला बी ऐकू आलं? तोंड पांढरं पडलं म्हंजे आलंच. आजवर कुणालाच यायचं नाय गं. बोलू नको, मोज. सात... आठ...

शमशाद, खंड पडंना.

बारा वर्षं एकच पाय वाजायचा. आज दोन्ही वाजतायत. लागोपाठ, धडधाकट माणसासारखे... अठरा... एकोणीस... खाटंपाशी आला...

माझा पाय सकाळपासून ओला लागत होता. तुला सांगितलं नाय मी. आता तर काहीच लागत नाय. ओलं नाय, कोरडं नाय. मला बघवत नाय गं. तू पांघरूण काढ आन् बघ...

हाय का तिथं?