तीन फूट सुतळी

ओढणी सायकलच्या चेनमध्ये अडकायला एक शिंक पुरते. सोडवायला मात्र प्रियदर्शिनीच्या बाबतीत दीड वर्ष लागलं. त्यातले पहिले सात इंच तेवढे कॉलेजच्या दप्तरी नोंदले गेले. बाकीचे कुणाला मोजता आले नाहीत.

शहाण्णव सालचा जानेवारी. तुर्भ्याच्या मसाला मार्केटात त्या सकाळी लवंगी मिरचीच्या इतक्या गाड्या उतरल्या होत्या की वारा वळला आणि अख्खं कॉलेज शिंकायला लागलं. इकॉनॉमिक्सचे सर मागणीचा वक्र काढता काढता शिंकले, तो वक्र फळा सोडून खिडकीपर्यंत गेला. कावळे शिंकत होते म्हणतात. कावळ्यांचं खोटं असेल, पण वक्राचं खरं. त्या खिडकीवर खडूची रेघ पुढे कितीतरी दिवस होती.

एस. वाय. बी. कॉम.ची प्रियदर्शिनी सायकल स्टँडवरून लायब्ररीकडे निघाली होती. तिलाही शिंक आली. एक... दोन... तिसरीला तिची गुलबक्षी ओढणी खांद्यावरून उडाली आणि समोरून येणाऱ्या सायकलच्या चेनमध्ये जाऊन बसली.

"ए, माझी चेन!" सायकलवाला ओरडला.

"तुझी चेन? माझी ओढणी आहे ती!"

"मंग उडवतेस कशाला?"

"मी उडवली? तू बघून चालव ना जरा!"

तो खाली बसला आणि ओढणीचं टोक हळूहळू सोडवू लागला. बोटं ग्रीसने काळी, पण ओढणीला डाग लागू नये म्हणून नुसत्या नखांनी धागा धागा काढत होता. प्रियदर्शिनीला खांद्याशी ओढ बसत होती, म्हणून तीही वाकली. आणि तेवढ्या जवळून तिला दिसलं... त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"रडतोस कशाला? ओढणी माझी फाटतेय."

"मिरची हाय ती!" त्याने मनगटाने डोळे पुसले. आता ग्रीस नाकाला लागलं. "हलू नको. फाटंल."

"मी नाही हलत. तू शिंकू नकोस."

"शिंक काय इचारून येते?"

तिला हसू आलं. ते लपवायला तिने विचारलं, "नाव काय तुझं?"

"सिताराम." मग घाईघाईने, "आजोबांचं ठेवलंय. आमच्या पावणे गावात तशी पद्धत हाय. हसू नको."

"मी कुठे हसले?"

"तुझं?"

"प्रियदर्शिनी."

"प्रि-य-द-र्शि-नी," त्याने पाचही अक्षरं एकेक करून म्हटली, जणू तीही चेनमधूनच सोडवत होता. प्रियदर्शिनी ओढणी विसरून ऐकत राहिली. वडिलांनी नाव हौसेने मोठं ठेवलं, पण हाक मारायला ते त्यांना जमेना. घरी ती 'पिरी', कॉलेजात 'प्रिया'. अख्खं नाव फक्त हजेरीपटालाच पाठ होतं.

ठक्!

सिमेंटवर लोखंडी गज आपटला. दोघांनी वर पाहिलं. उपप्राचार्य तीनफुटे सर उभे होते.

त्यांचं खरं आडनाव कॉलेजात कुणालाच आठवत नसे. विद्यार्थी आणि विद्यार्थिनींनी बोलताना तीन फूट अंतर राखावे, हा नियम त्यांनी स्वतः काढला होता, स्वतःच्या अक्षरात रंगवून जिन्यात लावला होता, आणि तो पाळला जातो की नाही हे बघायला ते वडिलांच्या कापडदुकानातला गज घेऊन दिवसभर हिंडत. गज बरोब्बर तीन फुटांचा. खाली बसलेल्या सितारामच्या नाकापासून वाकलेल्या प्रियदर्शिनीच्या नाकापर्यंत त्यांनी तो धरला, इंचाच्या खुणा मोजल्या आणि वहीत लिहिलं.

"सात इंच."

"सर, पण ओढणी—"

"सात इंच!" म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. सायकल स्टँडवर दिनांक नऊ रोजी सात इंच अंतरावर आढळलेले विद्यार्थी व विद्यार्थिनी यांना कॉलेजातून काढण्यात येत आहे. पालकांनी येऊन दाखले घेऊन जावेत.

प्रियदर्शिनीने कागद दोनदा वाचला. तिचे वडील भैरू कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. कमरेला लोखंडी आकडा, पाठीवर गोणी. साताऱ्याकडून आलेला माणूस. त्यांनी कॉलेजच्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "शिक पायजे तेवढं. पर एक तक्रार आली ना पिरे, तर पुस्तकं बांधायची आन् कोरेगावला मामाच्या घरी जायचं. पुढच्या मोसमात हळद." आई वेणूबाईंनीही मान डोलावली होती. त्या घरात भैरूंचा शब्द म्हणजे मार्केटाची घंटा; एकदा वाजली की गेट बंद.

मैत्रीण फातिमाने तिला हाताला धरून वाशीला आपल्या वडिलांकडे नेलं. सादिकभाई मूळचे श्रीवर्धनकडचे वकील. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस, त्यामुळे प्रत्येक सल्ल्याला खालून यंत्राची घरघर असे. सिताराम आधीच तिथे बाकावर बसलेला होता, नाकावर अजून ग्रीसची पुसट रेघ.

"तू इथे?"

"फातिमाने मलाही बोलावलं. आरोपी दोन हायत ना?"

सादिकभाईंनी चहा मागवला. "बेटा, खुन्यालाही कोर्ट विचारतं, बाबा, तुझं काय म्हणणं? तुम्हाला कुणी विचारलं?"

"नाही, चाचा."

"आरोप लेखी दिला? उत्तराला मुदत? सुनावणी?"

"फळ्यावर कागद लावला, बस."

"मोजलं कुणी?"

"तीनफुटे सरांनी."

"पाहिलं कुणी?"

"त्यांनीच."

"शिक्षा?"

"तीपण त्यांनीच."

सादिकभाई इतके हसले की चहा बशीत सांडला. "फिर्यादी तेच, साक्षीदार तेच, जज तेच... आणि गजही त्यांचाच! अरे, कॉलेजला शिस्त लावायचा हक्क आहे, पण ऐकून न घेता काढून टाकायचा नाही. आणि ज्याची तक्रार, त्यानेच निवाडा करायचा नसतो. अर्ज लिहा. आवक शिक्का मारून घ्या. आणि एक लक्षात ठेवा." त्यांनी बोट वर केलं. "नोटिशीत जेवढं विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. जो आरोप ठेवलाच नाही, त्याची सजा होत नाही."

अर्ज गेला. प्राचार्या यशोदाबाईंनी तो तीनदा वाचला. कॉलेजच्या इतिहासात विद्यार्थ्याने असं काही लेखी मागितलं नव्हतं. त्यांनी फलकावरचा कागद काढवला, दोघांना रीतसर नोटीस दिली, पालकांनाही कळवलं, लेखी खुलाशाला आठ दिवस दिले आणि सुनावणी स्वतःपुढे ठेवली.

आरोप एक, म्हणून खुलासाही दोघांनी मिळून लिहायचा ठरला. पण लिहायचा म्हणजे बोलावं लागणार, आणि बोलायचं म्हणजे... मुलं गप्पांना बसत त्या पाण्याच्या टाकीभोवती सर गज घेऊन घिरट्या घालतच होते.

प्रियदर्शिनीने वडिलांच्या सामानातून गोणी शिवायची सुतळी आणली. तीन फूट मोजून दोन्ही टोकांना गाठी मारल्या. एक गाठ तिने धरली, एक सितारामने. टाकीखाली दोघं समोरासमोर बसले आणि सुतळी तुणतुण्याच्या तारेसारखी ताठ झाली. सरांनी येऊन गज लावला. छत्तीस इंच. काही न बोलता निघून गेले, पण मिशी थरथरत होती.

"लिही," प्रियदर्शिनी म्हणाली. "मुद्दा पहिला. आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो."

"लिहिलं."

"मुद्दा दुसरा. आमच्यात आपुलकी वगैरे नव्हती. आजही नाही. पुढेही असणार नाही."

"एवढं जोरात?"

"वकिली भाषा अशीच असते."

तिसऱ्या दिवशी सितारामने पावण्याहून बोरं आणली. तीन फुटांवरून द्यायची कशी? पुडीला दोऱ्याचा फास करून त्याने ती सुतळीत अडकवली आणि आपलं टोक वर उचललं. पुडी घसरत घसरत तिच्या मुठीशी येऊन थांबली.

"आंबट आहेत," ती म्हणाली, आणि सगळी खाल्ली.

"खुलाशात एक बदल करायचा हाय," तो पुडीकडे बघत म्हणाला. "ते 'पुढेही असणार नाही'... ते काढू या?"

"का?"

"पुढचं कुणी पाहिलंय? सादिकचाचा बोलले, खोटं लिहायचं नाय."

प्रियदर्शिनीने बराच वेळ बी चघळलं. "काढ," म्हणाली.

पाचव्या दिवशी दोघांनी खुलाशाला हातही लावला नाही. तो खाडीकाठच्या मिठागरांचं सांगत होता. आजोबांच्या पायांना इतकं मीठ लागलेलं असे की आजी म्हणे त्यांचे पाय कालवणात बुडवते, वेगळं मीठ घालत नाही. प्रियदर्शिनी हसता हसता पुढे झुकली. फातिमा पलीकडून ओरडली, "प्रिये, सुतळी!"

सुतळीला झोळ पडला होता. चांगला वीतभर.

दोघांनी झटकन टोकं मागे ओढली. मग तिने वही उघडली आणि मान खाली घालूनच म्हणाली, "ते... 'आजही नाही' आहे ना..."

"हां?"

"ते पण काढ."

सितारामने पेन उघडलं, पण नीब कागदाला लावायच्या आधीच त्याचे कान लाल झाले होते. "मना... मला वाटलं होतं तू बोलशील," म्हणाला. तो गडबडला की गावची बोली अशी निसटायची, आणि प्रियदर्शिनी त्याची वाट बघायला लागली होती. सही झाली तेव्हा खुलाशाच्या दुसऱ्या मुद्द्यात एवढंच उरलं: दिनांक नऊ रोजी आमच्यात आपुलकी नव्हती.

सुनावणीला भैरू आले. सकाळची गाडी खाली करून तसेच, कमरेला आकडा. खुर्चीच्या टोकावर बसले आणि मुलीकडे बघेचनात. सितारामचे वडील कारखान्यात पहिल्या पाळीला होते. प्रियदर्शिनीला समोर प्राचार्या दिसत नव्हत्या, कोरेगावची एस. टी. दिसत होती.

"सात इंच," तीनफुटे सर म्हणाले.

यशोदाबाईंनी चष्मा पुसला. "सर, चेनमध्ये अडकलेली ओढणी तीन फुटांवरून कशी सोडवायची? एकदा दाखवा."

सायकल जिन्याने वर आणली गेली. ओढणी चेनमध्ये घातली. सरांनी तीन फुटांवर उभं राहून गजाच्या टोकाने ती उचकटायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पाय सरकला, ते पुढे गेले, पेडल फिरलं... आणि सरांचा टाय ओढणीशेजारी जाऊन बसला.

"हलू नका, सर! फाटेल!" यशोदाबाई खुर्चीतून उठल्या, वाकल्या आणि ओढणीसकट टाय सोडवू लागल्या.

सितारामने जमिनीवरचा गज अदबीने उचलला. "बाई, राग मानू नका... चार इंच भरतंय."

भैरूंच्या घशातून खोकल्यासारखं काहीतरी निघालं. यशोदाबाई हसू गिळत जागेवर बसल्या. "नऊ तारखेचा आरोप मी रद्द करते. आणि जिन्यातली पाटी आज उतरेल."

"पण बाई!" सरांचा चेहरा मिरचीसारखा झाला होता. "ह्यांच्यात काहीतरी आहे! आठ दिवस अख्खं कॉलेज बघतंय!"

यशोदाबाईंनी प्रियदर्शिनीकडे पाहिलं. भैरूंनीही. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

"काय गं? आहे का काही?"

खोटं बोललं तर सुटका होती. खरं बोललं तर कोरेगाव. शेजारी सिताराम गज धरून उभा होता.

"बाई... नोटीस नऊ तारखेबद्दल आहे. नऊ तारखेला काही नव्हतं."

"आणि आज?"

प्रियदर्शिनीने ओढणीचं काळं झालेलं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. परत गुंडाळलं.

"आजचा आरोप नोटिशीत नाही, बाई."

सितारामच्या हातातून गज खाली पडला. ठक्! यशोदाबाईंनी फाईल बंद केली, अगदी सावकाश, जणू आत काहीतरी झोपलं होतं. "बरोबर आहे," म्हणाल्या. "जा."

बाहेर व्हरांड्यात भैरू थांबले. मुलीच्या वहीतून लोंबणारी सुतळी त्यांनी ओढून काढली.

"ही माझ्या गोणीची हाय." ताणून बघितली. "मधी मऊ कशानं झाली?"

भैरूंनी सितारामला वरून खाली न्याहाळलं, गोणीचं वजन डोळ्यांनी करतात तसं.

"नाव?"

"सिताराम."

"झ्याक हाय. आईकलं का सितारामा... आत समदं आईकलं म्या. आजचा आरोप नोटिशीत न्हाई म्हनं. मग उद्या तसा काय आरोप यायचा असंल, तर आधी मला नोटीस पायजे. लेखी! मलाबी माझं म्हननं मांडायची संधी पायजे, काय?" त्यांनी सुतळीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं मुलीच्या. "आन् ती डिगरी झाल्यावर. तवर ही ताठ ऱ्हायली पायजे."

"कोरेगाव, आबा?" प्रियदर्शिनीने भीत भीत विचारलं.

"तक्रार रद्द झाली न्हवं? मग कशाचं कोरेगाव!" म्हणाले आणि आकडा सावरत मार्केटाकडे चालू लागले.

सुतळी ताठ राहिली. म्हणजे कॉलेजच्या फाटकापर्यंत तरी.

सत्त्याण्णवच्या जुलैत दोघांच्या डिगऱ्या हातात आल्या. त्याच संध्याकाळी भैरूंच्या दारात नोटीस आली. व्यवस्थित लेखी, खाली सितारामची सही, आणि उत्तराला आठ दिवस मुदत. भैरूंनी ती लेकीकडूनच वाचून घेतली. सबंध वाचेपर्यंत ती तीनदा पाणी प्यायली.

त्यांचा होकार त्याच रात्री जेवताना ठरला. वेणूबाईंना त्यांनी तसं सांगूनही टाकलं. पण उत्तर काही धाडेनात. पावण्याला सितारामची झोप उडाली, इकडे प्रियदर्शिनीचं जेवण कमी झालं. सातव्या दिवशी वेणूबाई कावल्या, "अवो, पोरं वाळत चालली. कळवून टाका की!"

"आठ दिस दिल्यात मला," भैरू पाय पसरून बसले आणि पानाला चुना लावू लागले. "माझा हक्क हाय. सोडीन व्हय?"