अक्षरं नकोत, भोकं हवीत

स्टिकर कसा सोलायचा हे काय तिला कोणी शिकवायला हवं होतं? अक्षरं ठेवायची, आजूबाजूचं व्हिनाइल ओढून कचऱ्यात टाकायचं. काकांच्या पाट्यांच्या दुकानात ती कॉलेज संपल्यापासून हेच करत होती. म्हणूनच समोरच्या गिऱ्हाइकाने तिने दिलेलं पाकीट उघडून कपाळाला हात लावला, तेव्हा तिला रागच आला.

"हे काय?"

"तुमची अक्षरं. तुम्ही सांगितलेल्या मापाची."

"अहो, पण मला अक्षरं नकोत... अक्षरांची भोकं हवीत!"

आत काका खो खो हसले. गिऱ्हाइकाने पिशवीतून खोका काढला आणि खोक्यातून वीतभर लांबीचं विमान. अगदी हुबेहूब, पण अंगावर एक खूण नाही. तो कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा आणि घरी असली विमानं जुळवायचा.

"खऱ्या विमानावर रंग असतो. स्टिकर लावला की त्याची कड दिसते," तो समजावू लागला. "म्हणून हा मास्क. तो चिकटवायचा, भोकांमध्ये रंग मारायचा आणि मास्क काढून टाकायचा."

"म्हणजे माझं काम शेवटी कचऱ्यात?"

"हो," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे... रंग बसल्यावर हो!"

तिला हसू आलं. तिने पुन्हा कापलं. या वेळी अक्षरं टाकायची होती आणि कचरा जपायचा होता, त्यामुळे हात दोनदा अडखळला. तो बघत होता म्हणूनही असेल.

मग तो येतच राहिला. कधी पंखांवरची वर्तुळं, कधी नाकावरचा बाण. विमानाबद्दल बोलताना तो सरळ तिच्या डोळ्यांत बघायचा आणि विषय बदलला की काउंटरकडे. म्हणून ती विषय बदलू द्यायची नाही. "आज पायलटसाहेब उतरले नाहीत अजून?" असं काका विचारायचे आणि ती मशीनमध्ये डोकं घालायची. तो तिला आवडायला लागला होता, यात आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पण एका विमानावर खुणा तरी किती असणार! शेवटी फक्त शेपटीवरचा आकडा राहिला. दुसऱ्या दिवशी अशी विमानं जुळवणाऱ्या हौशी लोकांचं प्रदर्शन होतं. विमान तिकडे जाणार, हा आपल्या काचांकडे जाणार आणि हिचे डोळे तर ठणठणीत. चष्म्याच्या दुकानात जायचं तरी कुठल्या तोंडाने?

शेपटीच्या वळणावर मास्कची कड उचलली जात होती, म्हणून ते काम दुकानाच्या मागच्या खोलीत दोघांनी मिळून करायचं ठरलं. तिने कड दाबून धरली, त्याने बारीक स्प्रेने रंग मारला.

"आता रंग अर्धवट सुकला की लगेच सोलायचं," त्याने बजावलं. "पूर्ण सुकू दिला तर मास्कबरोबर रंगही उचकटून येतो. तुम्हीच सोला, तुमचा हात हलका आहे."

तिने चिमटा हातात घेतला आणि... बोलायला सुरुवात केली. पहिलं विमान कधी केलं? घरी बहीण आहे का, ती या नादाला काय म्हणते? घरी धूळ कोण पुसतं? त्याने सगळ्याची सविस्तर उत्तरं दिली. चहा आला, चहा संपला. मग मात्र तिने टोक उचललं.

कर्रकन अर्धा आकडा निघून आला, खालच्या रंगाचा पोपडा घेऊनच.

वर्षभराची मेहनत, उद्यावर प्रदर्शन, आणि आपण हे काय करून बसलो?

"मी मुद्दाम बोलत बसले," ती म्हणाली. "हे झालं की तुम्ही येणार नाही... आणि मला तुम्ही यायला हवे आहात. विमान असो, नसो."

त्याने पोपडा निघालेल्या जागेवरून बोट फिरवलं. त्याचे कान लाल झाले होते.

"रंग कधी सुकतो ते मला कळत नाही, असं वाटलं तुम्हाला? चहा यायच्या आधीच सुकला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलतच तर होतो... बहिणीबद्दल, धुळीबद्दल." या वेळी विषय विमानाचा नव्हता, तरी तो तिच्याकडेच बघत होता. "मला इथून उठायचंच नव्हतं. मला तुम्ही आवडता."

ती काही बोलणार तेवढ्यात पडदा सरकवून काका आत आले. त्यांनी शेपटी पाहिली, दोघांचे चेहरे पाहिले.

"अरे देवा! पायलटसाहेब, उद्याच आहे ना तुमचं प्रदर्शन?"

"हो काका," तो म्हणाला. "आम्ही दोघं बघायला जाणार आहोत. विमान पुढच्या वर्षी नेईन."

तिला त्याने विचारलंही नव्हतं. तिनेही भांडण न काढता पर्स उचलली आणि सकाळी किती वाजता निघायचं ते विचारलं.